पितळेची चकाकी आणि पितळेवरची अक्षरे

दिवाळी आठ दिवसांवर आली की माळ्यावरची पितळेची भांडी खाली येतात. समया, निरांजने, घंगाळ, परात, हंडा-कळशी, पंचपात्री अशी सारी वरात अंगणात किंवा मोरीत येऊन बसते. कोणी चिंच भिजत घालते, कोणी लिंबाच्या साली जपून ठेवलेल्या असतात. आपल्या सीमाभागात हे काम एका भाषेचे नाही. शेजारच्या कन्नड घरांत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ‘नीरु तुंबुव हब्ब’ असतो. पाणी भरण्याचा सण असा त्याचा अर्थ. न्हाणीघरातला हंडा घासून लखलखीत करायचा, त्याला हळदकुंकू लावायचे, फुलांची माळ घालायची आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी तो भरून ठेवायचा. आपण त्याला हंडा म्हणतो, ते ‘हंडे’ म्हणतात. घासताना हात दोन्हीकडे सारखेच काळे होतात.

या घासण्याला शेकडो वर्षांचा इतिहास आहे. तो राजवाड्यांचा नसून घरातल्या बायकांचा, तांबट-कासारांचा आणि कल्हईवाल्यांचा असल्यामुळे फारसा कोणी लिहून ठेवला नाही. पितळ चमकते ठेवण्यासाठी आपल्या लोकांनी काय काय केले आणि त्या चकाकीपायी आपण काय गमावत आलो, याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

आधी शब्दाकडेच पाहू. संस्कृत ‘पित्तल’ मराठीत पितळ झाले, गुजरातीत पित्तळ, हिंदीत पीतल. कन्नडात मात्र ते ‘हित्ताळे’ झाले. कन्नडात शब्दाच्या आरंभीच्या ‘प’चा मध्ययुगात ‘ह’ होत गेला. दुधाचे जुने ‘पाल्’ आजचे ‘हालु’ आहे, तसेच हे. तेलुगूत तर आरंभीचे व्यंजनच गळून ‘इत्तडि’ उरले. आपला तांब्या कन्नड घरात ‘तंबिगे’ आहे. कल्हई तिकडे ‘कलायि’ आहे, आणि ती मुळात मराठीही नाही व कन्नडही नाही. अरबीत कथलाला ‘कलई’सारखा शब्द आहे, आणि त्याचा संबंध मलाया द्वीपकल्पातल्या एका जुन्या बंदराशी जोडतात, कारण कथील तिकडून येत असे. बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पणजी कुठेही जा, स्वयंपाकघरातली ही नावे ओळखू येतात. माल फिरला, कारागीर फिरले आणि त्यांच्याबरोबर शब्दही फिरले.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तांबे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. जस्ताने मात्र त्याला पुष्कळ काळ चकवले. जस्ताचे खनिज भट्टीत तापवले की शुद्ध जस्त वितळून खाली जमत नाही, त्याची वाफ होते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजातून ते सुटे व्हायला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून प्राचीन कारागीर जस्त वेगळे न काढता तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवीत. जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. या रीतीने पितळात साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंतच जस्त जाते. तक्षशिलेच्या भीर टेकाडातील उत्खननात मात्र इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले एक पात्र मिळाले, त्यात ३४ टक्क्यांहून थोडे अधिक जस्त निघाले. तेवढे जस्त तांब्यात आणण्याचे काहीतरी कौशल्य त्या काळीही असले पाहिजे, असे अभ्यासकांनी त्यावरून म्हटले.

शुद्ध जस्त मोठ्या प्रमाणावर काढण्याचा मान राजस्थानातील उदयपूरजवळच्या जावर गावाकडे जातो. तेथे मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी भट्टीत उलट्या लावून, खालच्या थंड भागात जस्ताची वाफ उतरवून घेत. मध्ययुगात हा उद्योग शेकडो वर्षे चालला. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे जे संशोधन झाले, त्यात ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या बरोबरीने बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ होते, हे बडोद्याच्या मराठी वाचकांना अभिमानाने आठवण्यासारखे आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ साली; जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

आता हे पितळ काळे का पडते? पितळेतले तांबे स्वस्थ बसत नाही. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन तपकिरी थर धरतो. धुरात, कांद्या-लसणात, अंड्यात गंधकाची संयुगे असतात, त्यांनी काळेपणा येतो. हाताच्या घामातले मीठ बोटांचे ठसे उमटवते. दमट हवेत, मिठाच्या वाऱ्यात हिरवा गंज चढतो. गोव्याच्या किनाऱ्यावरचे पितळ म्हणूनच इंदूर-ग्वाल्हेरच्या पितळेपेक्षा लवकर मळते. परंतु यात एक भेद आहे, तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तपकिरी-काळा पातळ थर एकदा बसला की तोच खालच्या धातूला पुष्कळसे राखतो. हिरवा, पूड सुटणारा गंज मात्र आत आत खात जातो. पहिला दिसायला वाईट आहे एवढेच, दुसरा खरोखर वाईट आहे. आपण दोघांनाही एकाच काथ्याने घासतो.

भांड्याच्या आतली गोष्ट वेगळी. आमटी, ताक, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवले की कळकतात. तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते आणि पोट ढवळते. यावर तोडगा म्हणजे कल्हई. ‘कल्हईऽऽवालेय्’ अशी आरोळी आली की गल्लीतली पातेली-सतेली रस्त्यावर येत. जमिनीत खळगा करून भट्टी, तिला कातड्याचा भाता. भांडे आधी घासून साफ करायचे, निखाऱ्यावर तापवायचे, कथलाची कांडी आतून फिरवायची, नवसागराची पूड टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने चर्रकन पुसत न्यायचे. पांढरा धूर उठे आणि पिवळे भांडे आतून चांदीसारखे होई. मुलांना ती जादूच वाटे. त्या जादूचे मर्म असे, की तापलेला नवसागर भांड्यावरचा मळ व प्राणिदाचा थर खाऊन धातू उघडा करतो, आणि कथील २३२ अंशांना वितळत असल्याने पितळेला धक्का न लावता त्यावर पसरते. पितळ वितळायला नऊशेच्या आसपास अंश लागतात. कल्हई म्हणजे पितळेचे खरे संरक्षण होते: काळे पडूच नये म्हणून दुसऱ्या धातूचे कवच. ती झिजली की पुन्हा करायची. ‘पितळ उघडे पडले’ हा वाक्प्रचार वरचा मुलामा उडाल्यावर काय होते ते पाहूनच आपल्या भाषेत आला.

बाहेरच्या बाजूला कवच नव्हते, तिथे बायकांचा हात होता. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक, गोव्या-कोकणातल्या बिंबलात ऑक्झॅलिक. कोकमाच्या सालीही आंबटच. ही आम्ले काळा थर विरघळवून टाकतात. चुलीतली राख अल्कधर्मी असल्यामुळे तेलकटपणा तोडते, शिवाय बारीक वाळूसारखी घासते. आधी राख, मग चिंच, मग पुन्हा राख, शेवटी भरपूर पाणी आणि कोरडे फडके, हा क्रम कोणी रसायनशास्त्र शिकून ठरवला नव्हता, तरी तो अगदी शास्त्राला धरून आहे. आंबटाचा अंश राहिला तर भांडे दुसऱ्याच दिवशी डागाळते, म्हणून ‘नीट विसळ गं’ हे आजीचे सांगणे. पण आम्लात भांडे फार वेळ भिजत ठेवले की पितळेतले जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठावर तांब्याची लालसर छटा उरते. पुष्कळांच्या घरी घासून घासून गुलाबी झालेल्या समया दिसतात, त्यांचे कारण हे.

भांडी घडवणारे तांबट आणि विकणारे कासार. पुढे मराठीत कासार म्हटले की बांगड्या भरणारा एवढेच लोकांना आठवू लागले, पण शब्द काशाचा आहे. पुण्याची तांबट आळी पेशवाईपासून प्रसिद्ध, नाशिकच्या भांड्यांचा लौकिक, विदर्भात भंडाऱ्याची ओळखच पितळेची. गोव्यात डिचोली तालुक्यातले कासारपाल गाव आणि तिथली कालिकादेवी कंसार समाजाची आठवण देत उभी आहेत. डिचोलीच्या समया आजही नावाजल्या जातात. कन्नड मुलुखातला ‘कंचुगार’ हा आपल्या कासाराचाच भाऊ.

विसाव्या शतकात चकाकीच्या या घरगुती शास्त्रात नवा पाहुणा आला. १९०५च्या सुमारास इंग्लंडातील हल शहरच्या रेकिट कंपनीने ‘ब्रासो’ बाजारात आणले. बारीक घासणारी पूड आणि अमोनिया असलेले हे द्रावण लष्करी छावण्यांतून घरोघर गेले. बेळगावला हे सांगायला नको. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तिथे आहे, आणि बिल्ला-बक्कल-बटणे चमकवण्याची शिस्त शिपाई सुट्टीवर घरी आला तरी सुटत नसे.

याच लष्कराच्या कोठारांत पितळेने एकदा चांगलाच धडा दिला होता. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यासाठी बंदुकीची काडतुसे तबेल्यांजवळ साठवीत. काडतुसांची पितळी आवरणे चांगली चकचकीत असूनही पावसाळा संपता संपता त्यांना तडे गेलेले दिसत. पावसाळ्याच्या ऋतूत घडते म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि आवरण ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ तडकते. घडवल्यावर धातू योग्य तेवढा तापवून ताण काढला की ही पीडा टळते. वरून चमकणारे पितळ आतून धड असेलच असे नाही, हे त्या काडतुसांनी दाखवले.

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद केले. आपल्याकडे ते भांड्यांच्या रूपाने घरोघर पोचायला १९६०-७० उजाडावे लागले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको. पाण्याचा नळ आला, चुलीच्या जागी गॅस आला, राख नाहीशी झाली. दुकानदार जुनी पितळेची भांडी मोडीच्या भावाने घेऊन त्यावर स्टीलची देऊ लागला. दिवसभर राबणाऱ्या बाईने ती सोय आनंदाने घेतली यात तिचा दोष काढणे अन्यायाचे होईल. ज्यांनी कधी परात घासली नाही त्यांनीच पितळेच्या नावाने गळा काढावा हे बरोबर नाही. पितळ उरले ते देवघरात, रुखवतात आणि दिवाणखान्यात. पुढे ठाण्याहून ‘पितांबरी’सारखी तयार पूड आली आणि उरलेल्या पितळेचे घासणे पाच मिनिटांचे झाले.

पण मोडीत जे गेले ते केवळ पितळ नव्हते. आपल्या भांड्यांवर नावे असत. लग्नात, बारशाला, मुंजीला भांडे द्यायचे ते छिन्नीने टिंबाटिंबांची अक्षरे घालून. देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, गाव, शके किंवा इसवी सन, कधी वजनाचे शेर. सीमाभागातल्या घरांत ही अक्षरे दोन लिप्यांत सापडतात, कारण लेक मराठी घरातून कन्नड घरात जाई आणि तिकडची इकडे येई. बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू किंवा उर्दू. आपल्या भागातल्या सोयरिकींचा, स्थलांतराचा आणि गावांच्या त्या वेळच्या नावांचा हा पुरावा आहे. सामान्य घरांच्या वंशावळी कोणी कागदावर मांडल्या नाहीत, बायकांची नावे तर मुळीच नाहीत. सात-बाराच्या उताऱ्यावर जी आजी नाही, ती घंगाळाच्या काठावर असते.

आणि ही अक्षरे आपण दरसाल थोडी थोडी पुसत आलो आहोत. घासणे म्हणजे काळ्या थराबरोबर धातूचाही अगदी पातळ पापुद्रा काढून टाकणे. छिन्नीचे टिंब नखाच्या जाडीइतकेही खोल नसते. पन्नास दिवाळ्यांची राख त्यावरून गेली की ते बुजत जाते. आमच्या घरातल्या एका परातीच्या काठावर एका बाजूला बाळबोध आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अक्षरे आहेत. कन्नड बाजूचे गावाचे नाव लागते. मराठी बाजूला, जिथे धरायला हात पडतो आणि घासताना जोर लागतो, तिथे आता ‘कडून’ एवढेच वाचता येते. परात कोणीतरी दिली इतके कळते. कोणी दिली ते कळायला मार्ग उरलेला नाही. आमच्या घरातल्या ज्या माणसांना ते ठाऊक होते ती गेली.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेऊन देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा प्रसिद्धच आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण अजून तिचे नाव देतो. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे. या घंटा पितळेच्या नव्हेत, तांबे आणि कथील यांच्या काशाच्या; अक्षरेही ओतीव, उठावाची. तरी त्यांचे साल आज वाचता येते याचे एक कारण असे, की त्यांना चमकवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. काळवंडलेल्या थराने त्यांना तीनशे पावसाळ्यांतून राखले.

काळेपणाकडे शत्रू म्हणून न पाहणारी एक कलाही आपल्याच सीमेवर आहे. बीदरी काम. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चौघींच्या तिठ्यावरच्या बीदरमध्ये बहामनी काळापासून ते चालत आले आहे. पितळेत तांबे अधिक आणि जस्त कमी. बीदरीच्या धातूत जस्तच मुख्य आणि तांबे नावापुरते. त्यावर चांदीची तार ठोकून नक्षी बसवतात आणि मग बीदरच्या जुन्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या कढत द्रावणाने भांडे मुद्दाम काळे करतात. चांदी पांढरीच राहते, जमीन काळीभोर होते. वर तेलाचा हात. हा काळा थर कोणी घासून काढला तर बीदरीचे बीदरीपणच जाईल. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

मग पितळ चमकवूच नये की काय? तसे नाही. दिवाळीला समई उजळ हवीच. फक्त घासण्यापेक्षा राखण्यावर भर द्यावा. भांडे धुऊन लगेच कोरडे करावे, मंद उन्हात किंवा विस्तवाजवळ थोडे तापवून ओल पूर्ण घालवावी. जे वापरायचे नाही ते जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे. वर्तमानपत्रात किंवा लोकरीत नको. धुण्याच्या खोलीत, गोठ्याशेजारी किंवा अमोनियाच्या द्रावणांजवळ ठेवू नये. काडतुसांची गोष्ट आठवावी. शोभेच्या भांड्यावर मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ फडक्याने चोळले की हवा व घाम दूर राहतात. वस्तुसंग्रहालयांत हेच करतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात त्यासाठी खास मेण तयार झाले. १९६७ साली ब्रिंच मॅडसेन यांनी काशाच्या हिरव्या रोगावर बेन्झोट्रायाझोल हे द्रव्य सुचवले आणि ते संग्रहालयांत रुळले, पण ते विषारी आहे. घरात आणि खाण्याच्या भांड्यांना त्याचे नाव काढू नये. बाजारात मिळणारी लाखेची किंवा पारदर्शक रोगणाची झिलई भिंतीवरच्या तबकाला चालेल. समईला, निरांजनाला ती नको, कारण ज्योतीच्या धगीने ती करपते. आणि जिथे ती सुटते तिथेच काळे डाग धरतात, ते मग काढणे कठीण. जेवणाच्या पितळेला कल्हईवाचून दुसरा उपाय नाही.

आणि अक्षरे? ज्या भांड्यावर नाव आहे त्याच्या काठाला राख, वाळू, काथ्या, तारेची घासणी लावू नये. लिंबाचा हात हलकेच फिरवून लगेच धुवावे. अक्षरांत थोडा काळेपणा राहू द्यावा, त्यानेच ती वाचता येतात. पण त्याआधी एक काम करावे. या दिवाळीला भांडी खाली काढाल तेव्हा घासण्यापूर्वी ती उजेडात तिरकी धरा, वाचा आणि वहीत जशीच्या तशी उतरून घ्या. चुकीचे ऱ्हस्वदीर्घ सुधारू नका. कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली तर बुजलेले टिंबही उमटते. कन्नड, गुजराती किंवा तेलुगू बाजू वाचता येत नसेल तर शेजाऱ्यांना बोलवा. तुमची मराठी बाजू वाचायला त्यांनाही तुमची गरज पडेल. घरात जी वडील माणसे आहेत त्यांना विचारा, की हे नाव कोणाचे. ती सांगतील ते नावापुढे लिहा. मग खुशाल चिंच घ्या.